कुत्र्याचं नाक आणि आपलं नाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुत्रा असला की येणाऱ्या पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "चावतो का?" आणि "याचं नाक आपल्यापेक्षा किती पट तीक्ष्ण असतं हो?" पहिल्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या कुत्र्यावर. दुसऱ्याचं उत्तर एका आकड्यात देताच येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर फार विसंबू नये.

तरी पण, किती पट? अंदाजे तरी सांगा.

कोणता वास, ते आधी सांगा.

"10 हजार ते 1 लाख पट" हा आकडा तुम्ही वाचलेला असणार. त्याला आधार म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2006 सालच्या प्रयोगाकडे बोट दाखवलं जातं. प्रयोग चांगलाच होता. पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेलं अमाइल ॲसिटेट नावाचं रसायन हवेत कमी कमी करत नेलं, आणि एक लाख कोटी भाग हवेत एक ते दोन भाग इतकं उरलं तरी कुत्र्यांनी ते ओळखलं. थक्क व्हावं असंच आहे हे. पण कुत्रे होते दोन आणि वास होता एक. एवढ्यावरून जगातल्या तमाम कुत्र्यांचा सगळ्या वासांसाठीचा आकडा काढायचा, तर इथे शितावरून भाताची परीक्षा चालत नाही.

स्वीडनमधल्या लिंकपिंग विद्यापीठातले मॅथियास लास्का अनेक वर्षं वेगवेगळ्या प्राण्यांची वास ओळखण्याची किमान पातळी गोळा करत आले आहेत. कुत्रा आणि माणूस या दोघांवरही तपासले गेलेले वास त्यांना मिळाले फक्त 15. त्यातल्या 10 वासांत कुत्रा पुढे होता आणि 5 वासांत चक्क माणूस. कुत्रा कशात पुढे? मुख्यतः मेदाम्लांत, म्हणजे अंगाला, घामाला, मांसाला जे वास असतात त्यांत. आपण पुढे कशात? फळाफुलांच्या वासांत. मांस शोधत फिरणाऱ्याचं नाक मांसासाठी घडलं आणि फळं खाणाऱ्याचं फळांसाठी, यात नवल ते काय.

दोन ऑलिम्पिक स्विमिंग पूल भरतील एवढ्या पाण्यात चमचाभर साखर टाकली तरी कुत्र्याला कळतं म्हणे?

हिशेब बरोबर आहे, उदाहरण विचित्र आहे. दोन पूल म्हणजे सुमारे 50 लाख लिटर पाणी. त्यात 5 मिलिलिटरचा चमचा म्हणजे शंभर कोटींत एक भाग. काही वासांच्या बाबतीत कुत्रे याच्याही बरेच खाली जातात. पण साखरच का? साखर हवेत उडत नाही, त्यामुळे तिला वास जवळजवळ नसतोच. कुणीतरी प्रमाण समजावं म्हणून दिलेला दाखला होता, तो पुढे साखरेसकट खरा मानला गेला.

दोन्ही नाकांच्या रचनेत नेमका फरक काय?

आधी मोजता येण्यासारखं. वास टिपणारं अस्तर आपल्या नाकाच्या छताशी असतं, साधारण 5 चौरस सेंटिमीटर. जर्मन शेफर्डमध्ये ते 150 चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. एवढं अस्तर नाकात मावतं कसं? कुत्र्याच्या लांब थोबाडात कागदासारख्या पातळ हाडांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या असतात आणि अस्तर त्यांच्यावर पसरलेलं असतं. वास टिपणाऱ्या पेशी माणसात 50 लाख ते 1 कोटी, तर कुत्र्यात जातीनुसार 12 ते 30 कोटी, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं.

पेशी जास्त असणं वेगळं आणि पेशींचे प्रकार जास्त असणं वेगळं. प्रत्येक पेशीवर एका ठरावीक प्रकारचा ग्राही म्हणजे रिसेप्टर असतो आणि त्याचं एक जनुक असतं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये हे जनुक-कुटुंब शोधलं आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे 400 जनुकं चालू अवस्थेत आहेत. त्याहून जास्त उत्क्रांतीच्या ओघात बंद पडून तशीच उरली आहेत. कुत्र्यात चालू जनुकं 800 च्या आसपास. म्हणजे पेशींच्या संख्येत फरक वीस-तीस पटींचा असेल, पण ग्राहींच्या विविधतेत जेमतेम दुपटीचा. हा दुसरा आकडा कुणी फारसा सांगत नाही, कारण तो ऐकून कुणी आ वासत नाही.

शिवाय कुत्र्याकडे वासाची एक दुसरी यंत्रणा आहे. टाळूच्या पुढच्या भागात, वरच्या दातांच्या मागे, जेकबसनचा अवयव असतो. दुसऱ्या कुत्र्याचं मूत चाटून तुमचा कुत्रा दात कडकड वाजवतो ते पाहिलंय? किळस येते खरी, पण तो ते द्रव त्या अवयवाकडे पोचवत असतो. माणसात या अवयवाच्या खुणा उरल्या आहेत, काम उरलेलं नाही.

आणि मेंदू. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने 2022 मध्ये कुत्र्यांच्या मेंदूंचे एमआरआय काढले तेव्हा वासाच्या केंद्रापासून थेट दृष्टीच्या भागाकडे जाणारे मज्जातंतूंचे मार्ग दिसले. कुत्र्याला वासातून जागेचं काहीतरी चित्र मिळत असावं, असा तर्क त्यावरून करता येतो. आंधळे झालेले कुत्रे घरात बिनचूक कसे वावरतात, याचं निदान अर्धं उत्तर त्यात असू शकेल.

हुंगणं म्हणजे भराभर श्वास घेणंच ना?

नाही. खरी कारागिरी इथेच आहे.

आपण एकाच वाटेने हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर टाकतो. आत आलेला वास उच्छ्वासाबरोबर निघून जातो. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला चार ते सात वेळा हवा आत-बाहेर करतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रेंट क्रेव्हन आणि गॅरी सेटल्स यांनी 2010 च्या सुमारास नाकातल्या हवेचा प्रवाह संगणकावर उभा केला. आत आलेल्या हवेतला साधारण आठवा हिस्सा बाजूला निघून थेट मागच्या वासाच्या कप्प्यात जातो, बाकीची फुप्फुसात. त्या कप्प्यातली हवा उच्छ्वासाने ढवळली जात नाही, तिथेच थबकते. दर हुंगण्याबरोबर थोडा नवा वास तिथे जमा होतो.

बाहेर पडणारी हवाही समोरून जात नाही. कुत्र्याच्या नाकपुडीला कडेला एक चीर असते, स्वल्पविरामासारखी. उच्छ्वास त्या चिरेतून बाजूला आणि मागे फेकला जातो. समोरचा वास उधळला जात नाही, उलट त्या झोतामुळे पुढची नवी हवा नाकाकडे ओढली जाते. घरी बघायचं असेल तर स्टीलची ताटली फ्रीजमध्ये गार करा आणि कुत्रा काहीतरी मन लावून हुंगत असताना त्याच्या नाकाखाली अलगद धरा. वाफेचे दोन डाग उमटतात आणि ते नाकाच्या दोन्ही कडांना सरकलेले असतात. डाग पुसले जायच्या आत बघा, आणि ताटली चाटू देऊ नका. तो चाटणारच, पण निदान आधी बघून घ्या.

इटलीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये आणखी एक गंमत नोंदवली. अनोळखी वास आला की कुत्रा आधी उजव्या नाकपुडीने हुंगतो. वास निरुपद्रवी ठरला की डावीकडे वळतो. पशुवैद्याच्या घामाचा वास दिला, तेव्हा मात्र तो उजवीकडेच राहिला.

नाक ओलं का असतं?

वासाचे कण ओलाव्यात अडकतात आणि विरघळतात, म्हणून. कुत्रा सारखं नाक चाटतो त्यामागे हेही एक कारण आहे. ओल्या, गार नाकाचा एक जास्तीचा उपयोग 2020 मध्ये लुंड आणि बुडापेस्टच्या गटाने दाखवला: नाकाच्या त्या उघड्या टोकाला दुरून येणारी मंद उष्णताही जाणवते. मात्र नाक कोरडं म्हणजे कुत्रा आजारी, ही समजूत सोडून द्या. झोपेतून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाकही कोरडं असतं.

मग आपलं नाक कुचकामीच म्हणायचं?

असं 19व्या शतकात ठरलं. पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1879 च्या सुमारास प्राण्यांचे मेंदू मांडून पाहिले. माणसाच्या मेंदूत वासाचा कंद, म्हणजे नाकाकडून आलेले वासाचे संदेश घेणारा भाग, बाकी मेंदूच्या मानाने लहान दिसला आणि त्याने माणसाला कमी वास येणाऱ्यांच्या रांगेत बसवलं. जिवंत माणसांना काही हुंगायला देऊन काढलेला हा निष्कर्ष नव्हता. पुढची शंभरहून जास्त वर्षं पाठ्यपुस्तकं तेच उतरवत राहिली. 2017 मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात या समजुतीचा सविस्तर समाचार घेतला: आपला कंद बाकी मेंदू वाढल्यामुळे लहान दिसतो, पण प्रत्यक्षात तो काही खुरटलेला नाही.

आपल्या नाकाचा पुरावा हवा असेल तर जूनची वाट बघा. पहिल्या पावसात येणाऱ्या मृद्गंधामागचा मुख्य घटक जिओस्मिन, मातीतले जीवाणू तो तयार करतात. पाण्यात एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग जिओस्मिन असलं तरी माणसाला ते जाणवतं. हे प्रमाण वर सांगितलेल्या केळ्याच्या वासाच्या, कुत्र्याच्या विक्रमाच्या जवळपास जातं. धरणाच्या पाण्याला कधीकधी मातकट वास येतो तो याचाच, आणि तक्रारी येतात त्या अशा नाममात्र प्रमाणामुळे.

दुसरा पुरावा स्वयंपाकघरात. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. सिलिंडर गळला तर कळावं म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात आणि ते हवेत शंभर कोटींत एक भागाहून कमी असलं तरी आपण नाक मुरडतो. घराघरातली सुरक्षा आजही माणसाच्या नाकावर उभी आहे.

आपलं नाक खरं चमकतं ते जेवताना. घास चावताना वास घशाच्या मागून वर चढतो आणि त्यालाच आपण 'चव' म्हणतो. सर्दीत आमटी पांचट लागते ती याच कारणाने, जीभ तर ठणठणीत असते. आमटीला हिंग घातलाय की राहिलाय हे पहिल्या घासात सांगणारी आजी या मागच्या दाराच्या वासात तरबेज असते.

माणूस कुत्र्यासारखा माग काढू शकेल का?

काढून बघितलाय. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 2007 मध्ये 32 जणांना डोळे बांधून, कानांत बोळे घालून, हातमोजे चढवून गवतावर रांगायला लावलं. गवतात चॉकलेटच्या वासाचा 10 मीटरचा माग होता. दोनतृतीयांश लोकांनी तो शेवटपर्यंत काढला, आणि तेही कुत्र्यासारखं डावी-उजवीकडे नागमोडी सरकत. थोड्या दिवसांच्या सरावाने वेगही वाढला. एक नाकपुडी बंद केली की कामगिरी घसरली, म्हणजे दोन नाकपुड्यांतला फरक आपणही वापरतो.

आपलं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं आणि आपण रांगत नाही, ही आपली मोठी अडचण.

एखाद्या माणसाचं नाक खरंच विलक्षण असू शकतं?

स्कॉटलंडच्या जॉय मिल्न यांचं आहे. परिचारिका होत्या. नवऱ्याच्या अंगाला वेगळाच, कस्तुरीसारखा वास येतोय असं त्यांना जाणवलं आणि त्यानंतर सुमारे बारा वर्षांनी त्याला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. पुढे रुग्णांच्या मेळाव्यात तोच वास आल्यावर त्यांनी संशोधकांना विचारलं. एडिंबरामध्ये त्यांना 12 टी-शर्ट हुंगायला दिले, 6 रुग्णांचे आणि 6 निरोगी माणसांचे. सहाही रुग्ण त्यांनी ओळखले, पण एका निरोगी माणसाचा टी-शर्टही रुग्णाचाच म्हणून वेगळा काढला. आठ महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सनचं निदान झालं. त्यांच्या नाकाच्या वाटेने पुढे मँचेस्टरमध्ये त्वचेच्या तेलातून पार्किन्सन ओळखण्याच्या चाचणीवर काम सुरू झालं.

साध्या नाकालाही सराव मानवतो. कोविडनंतर वास गेलेल्यांना डॉक्टर गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग रोज दोनदा हुंगायला सांगत होते. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनची, 2009 सालची.

आपल्याला मिसळीचा एकच वास येतो, कुत्र्याला त्यातला प्रत्येक मसाला वेगळा कळतो. खरं?

अर्धवट. गोंगाटी वासांतून शिकवलेला वास उचलण्यात कुत्रा पटाईत असतो. कॉफीत दडवलेला अमली पदार्थ तो काढतो. पण मिश्रणाचा त्यालाही एक नवा, एकत्र वास जाणवतो. 2014 च्या एका अभ्यासात नुसत्या शुद्ध पोटॅशियम क्लोरेटवर शिकवलेल्या बहुतेक कुत्र्यांना तेच रसायन मिसळलेली स्फोटकं खात्रीने ओळखता आली नाहीत. मिश्रणांवर शिकवल्यावर जमलं. म्हणून बॉम्बशोधक पथकातल्या कुत्र्यांना एका डबीवर शिकवून भागत नाही.

बातमीत दरवेळी "श्वान रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथेच घुटमळलं" असं का असतं?

कारण चोर तिथून गाडीत बसलेला असतो!

आपण चालतो तेव्हा अंगावरून मेलेल्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत झडत असतात. त्यावर घामाचे मेद असतात आणि ते खाणारे जीवाणू. प्रत्येकाचं हे मिश्रण निराळं. चेक संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की प्रशिक्षित जर्मन शेफर्ड एकाच घरात राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या एकसारख्या जुळ्यांनाही वेगळं ओळखतात. या अंगवासाबरोबर पायाखाली चिरडलेल्या गवताचा, उकरल्या गेलेल्या मातीचा ताजा वासही मागात असतो. शेतातून, बांधावरून, ओलसर पायवाटेवरून गेलेला माणूस म्हणूनच सोपा जातो. दुपारचं तापलेलं डांबर, त्यावरून जाणारे ट्रक आणि धूर आला की माग विरत जातो, आणि माणूस काचा लावलेल्या गाडीत शिरला की जवळजवळ तुटतो. कुत्रं घुटमळतं म्हणजे हरतं असं नाही. "इथून वाहन वापरलंय" हे ते सांगत असतं, आणि चांगला हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा पोलीस, त्याची नोंद करतो.

दिशेचं कोडं तर याहून भारी आहे. मागावर मध्येच आणून सोडलेल्या कुत्र्याला माणूस डावीकडे गेला की उजवीकडे, हे कसं कळतं? बेलफास्टमध्ये 2005 साली झालेल्या प्रयोगात कुत्र्यांना त्यासाठी पाच पावलांचे ठसे पुरले. पहिल्या आणि पाचव्या ठशाच्या वयात अंतर असतं काही सेकंदांचं. ताजं कोणतं आणि शिळं कोणतं, एवढ्यावर त्यांनी दिशा ठरवली.

चोर मिरचीपूड टाकतात. उपयोग होतो?

चोरांचा विश्वास मात्र दांडगा आहे. तिखट झोंबतं ते वासाच्या नव्हे, वेदनेच्या मज्जातंतूला. कुत्रं शिंकतं, मागे हटतं, काही वेळ वाया जातो. पण मिरची टाकली एका जागी आणि माग पसरलाय लांबवर. हँडलर कुत्र्याला वळसा घालून पुढे नेऊ शकतो.

मुंबईच्या जंजीरबद्दल ऐकलंय. नक्की काय केलं होतं त्याने?

1993 च्या बॉम्बस्फोटांनंतरचे दिवस. पुण्याच्या सीआयडी श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला जंजीर हा लॅब्राडोर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात होता. त्याच्या नावावर 3,300 किलोंहून अधिक आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि सहा हजारांवर जिवंत काडतुसं जमा आहेत. 2000 साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी मानवंदना देऊन त्याला निरोप दिला. आरडीएक्स हवेत इतकं कमी उडतं, की कुत्रे बहुधा नुसतं आरडीएक्स हुंगत नसतात. त्यातली इतर द्रव्यं आणि अशुद्धी मिळून जो वास होतो तो ते पकडतात. जंजीरची कामगिरी त्याने कमी होत नाही. हे काम यंत्रावर पूर्ण सोपवता का येत नाही, ते मात्र त्यावरून कळतं.

श्वानाने आरोपीवर भुंकून दाखवलं, तर कोर्टात शिक्षा होते?

केवळ तेवढ्यावर नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणि 1970 च्या ऑल इंडिया रिपोर्टर या न्यायनिवाड्यांच्या नियतकालिकात छापल्या गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने श्वानपुराव्यावरचे आक्षेप मांडले आहेत. कुत्र्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही, हँडलर सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते, आणि माणसाचं आयुष्य किंवा स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही. तपासाला दिशा मिळायला श्वान उत्तम, दोष सिद्ध करायला दुसरा पुरावा लागतो. मला हे अगदी रास्त वाटतं, आणि त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

म्हणजे श्वानपथकही चुकतं?

नाक क्वचित चुकतं, जोडी चुकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने 2011 मध्ये 18 हँडलर आणि त्यांचे कुत्रे एका रिकाम्या इमारतीत तपासणीला पाठवले. हँडलरना सांगितलं होतं, की वास दडवलेले असू शकतात आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूण केली आहे. प्रत्यक्षात तिथे काहीही नव्हतं. 144 फेऱ्यांपैकी फक्त 21 फेऱ्यांत "काही नाही" असं बरोबर उत्तर आलं. बाकी ठिकाणी इशारे नोंदवले गेले, आणि कागद होते तिथे जास्तच. हँडलर क्षणभर थबकतो, साखळी किंचित ताणतो, आणि मालकाचा चेहरा वाचण्यात हजारो वर्षं मुरलेला प्राणी ते बरोबर टिपतो. शिवाय हँडलरलाही जे बघायचं असतं ते दिसतं.

कुत्रे कर्करोग ओळखतात, मग हॉस्पिटलात का नसतात?

सुरुवात झाली 1989 मध्ये, 'लॅन्सेट'मधल्या एका छोट्याशा पत्राने. एका बाईचा कुत्रा तिच्या मांडीवरचा तीळ सारखा हुंगायचा, शेवटी चावून काढायला निघाला. तपासलं तर तो घातक मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. 2004 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावरचा प्रयोग आला. सात नमुन्यांतून एक रुग्णाचा निवडायचा. नुसत्या नशिबाने 14 टक्के बरोबर आले असते, कुत्र्यांचे आले 41 टक्के. त्यात एक निरोगी समजला गेलेला नमुना कुत्रे पुन्हा पुन्हा चुकीचा निवडत होते. डॉक्टरांनी त्या माणसाला नीट तपासलं, तर त्याच्या मूत्रपिंडात गाठ निघाली.

गोष्ट म्हणून जबरदस्त. पण 41 टक्क्यांवर कुणी उपचार सुरू करणार नाही. पुढच्या काही अभ्यासांत आकडे बरेच चांगले आले, काहींत घसरले. कुत्रा थकतो, कंटाळतो, एका प्रयोगशाळेतला दुसरीत तसाच चालत नाही. हेलसिंकीच्या विमानतळावर 2020 मध्ये कोविडसाठी कुत्रे नेमले गेले ते चाळणी म्हणून. पक्क्या निदानासाठी प्रयोगशाळेची चाचणी लागतेच. कुत्र्याला कोणता रेणू कळतो हे शोधून तसं यंत्र बनवणं, हा जास्त टिकाऊ मार्ग दिसतो.

कुत्र्याला आपली भीती हुंगता येते?

ताण नक्की हुंगता येतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत 2022 मध्ये लोकांना अवघड गणितं घातली आणि आधीचा व नंतरचा घाम-श्वास गोळा केला. तोच माणूस, काही मिनिटांचंच अंतर. चार कुत्र्यांनी मिळून जवळपास 94 टक्के वेळा तणावाचा नमुना बरोबर काढला. मात्र "भीतीचा वास आला म्हणून कुत्रा चावतो" हे यातून सिद्ध होत नाही. अंगावर धावून येणाऱ्या भटक्या कुत्र्याला तुमची पळापळ वासाच्या आधी दिसते.

पगला तर नाकच नाही. त्याला काय वास येणार?

असं म्हणू नका. 2015 मध्ये अमेरिकेत पग, जर्मन शेफर्ड आणि ग्रेहाऊंड यांना वास ओळखायचं एकच काम दिलं. पग पहिले आले! ग्रेहाऊंडांनी तर कामात भागच घेतला नाही. पुढच्याच वर्षी हंगेरीतल्या चाचणीत मात्र वासासाठी पैदास केलेल्या जाती चपट्या नाकवाल्यांपेक्षा पुढे निघाल्या. दोन्ही खरं आहे. नाकाइतकंच शिकण्याची हौस आणि खाऊचा लोभ महत्त्वाचा, आणि पगकडे दुसऱ्या गोष्टीची ददात नाही. पण भर उन्हात तासभर माग काढणं पगच्या श्वासाला झेपणार नाही.

आपले कारवान आणि मुधोळ हाऊंड डोळ्यांनी शिकार धरणारे, धावणारे कुत्रे. त्यांचं नाक वाईट नसतं, पण पैदास त्यासाठी झालेली नाही. आणि गावठी कुत्र्याला कमी लेखू नका. कवटीतून वासाचे तंतू जातात ती चाळणीसारखी हाडाची चकती 2021 च्या एका अभ्यासात मोजली गेली. सगळ्याच पाळीव जातींत ती लांडग्यापेक्षा लहान निघाली, आणि माग काढणाऱ्या नामांकित जातींत ती इतरांहून मोठी नव्हती. जातिवंत म्हणून जास्तीचे पैसे मोजताना हे आठवावं.

फिरायला नेलं की एकेका खांबापाशी पाच पाच मिनिटं उभा राहतो. ओढू का?

ऑफिसला उशीर होत असेल तर ओढा, एरवी नको. त्या खांबावर गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद असते: नर की मादी, माजावर आहे का, ओळखीचा की नवा, केव्हा येऊन गेला. सोसायटीत उभ्या गाडीचं चाक त्याहून रसाळ. ते नाकाच्या उंचीवर असतं आणि परक्या भागातले वास घेऊन आलेलं असतं. गाडीच्या मालकाशी संबंध बिघडतात, त्याला इलाज नाही.

फ्रान्समधल्या शार्लोट ड्युराँटॉन आणि न्यूयॉर्कच्या ॲलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांच्या 2019 च्या अभ्यासात दोन आठवडे रोज वास शोधायचा खेळ खेळलेले कुत्रे संदिग्ध प्रसंगात जास्त आशेने पुढे सरसावले. तेवढाच काळ मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केलेल्यांत तसा बदल दिसला नाही. पावसाळ्यात बाहेर नेता येत नसेल तर तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली चपातीचा तुकडा ठेवा. जमायला लागलं की दुसऱ्या खोलीत लपवा. वीस मिनिटांत पठ्ठ्या दमून झोपतो.

एप्रिल-मेच्या उन्हात हे खेळ सकाळ-संध्याकाळच ठेवा. कुत्रा धापा टाकतो तेव्हा तोंडाने श्वास घेतो आणि हुंगणं तेवढं कमी होतं.

पाहुण्यांना नको तिथे नाक लावतो. लाज वाटते हो.

काखेत आणि जांघेत माणसाच्या खास घामग्रंथी असतात. काख उंचावर, मग त्याला जे पोचतं ते हुंगतो. पाहुण्यांनी आधी हाताची मूठ पुढे केली तर बहुतेक कुत्र्यांचं समाधान होतं.

घरातल्या उदबत्ती, फिनेल, रूम फ्रेशनरचा त्रास होतो का?

होतो. उदबत्ती लावायला हरकत नाही, पण कुत्र्याला उठून दुसरीकडे जाता आलं पाहिजे. धुपाच्या धुरात त्याला साखळीला बांधून ठेवू नका. डांबरगोळ्या आणि टी ट्री ऑइल मात्र नुसते उग्र नाहीत, कुत्र्यासाठी विषारी आहेत. ते त्याच्या तोंडाच्या आवाक्यात नकोत.

प्राण्यांत सगळ्यात तीक्ष्ण नाक कुत्र्याचंच ना?

जनुकं मोजली तर नाही. आफ्रिकन हत्तीत वासाच्या ग्राहींची चालू जनुकं सुमारे 2,000 आहेत, म्हणजे कुत्र्याच्या दुपटीहून जास्त. उंदरातही हजाराच्या वर आहेत. दक्षिण आफ्रिकेत हत्तींना टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखायला शिकवून पाहिलं आणि त्यांनी ते उत्तम केलं. पण सुरुंग पेरलेल्या शेतात हत्ती न्यायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

उलट टोकाला आफ्रिकेतले मोठे पिशवीगाली उंदीर आहेत. टांझानियात त्यांना शिकवून मोझांबिक, कंबोडियासारख्या देशांत सुरुंग शोधायला पाठवतात. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून जास्त सुरुंग आणि न फुटलेली स्फोटकं शोधली आणि 2020 मध्ये त्याला ब्रिटनच्या पीडीएसए या संस्थेचं प्राण्यांसाठीचं सुवर्णपदक मिळालं. त्याचं वजन सव्वा किलोच्या आसपास होतं, त्यामुळे सुरुंगावर पाय पडला तरी तो फुटत नसे.

उंदराला दोरीच्या आखलेल्या पट्ट्यातच काम करावं लागतं. तुर्कस्तानात फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर कोसळलेल्या इमारतींत त्याला सोडता आलं नसतं. भारताच्या एनडीआरएफने तिथे रोमिओ आणि ज्युली हे लॅब्राडोर नेले होते. नुरदागीमध्ये ढिगाऱ्याच्या एका जागी ज्युली भुंकली, मग खात्रीसाठी रोमिओला आणलं, तोही तिथेच भुंकला, आणि खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. मोकळं सोडलं तर शोधत जाणं, सापडलं की भुंकून सांगणं आणि हाक मारली की परत येणं, हे सगळं एकाच प्राण्यात मिळतं म्हणून पथकात कुत्रा असतो.